निर्माल्याला लाल कार्ड

शुभा भडकमकर जर्मनीत काय काम करते, हे तिच्या माहेरी आणि सासरी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं जातं. माहेरचे सांगतात, "पर्यावरण सल्लागार आहे." कोथरूडला तिच्या सासूबाई कुंदाताई जास्त सरळ आहेत. त्या सांगतात, "लोकांच्या कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडून बघते. पगार चांगला आहे."

शुभाला सासूबाईंचं सांगणं पसंत आहे, कारण ते खरं आहे. नवऱ्याच्या, मकरंदच्या, विद्यापीठातल्या नोकरीमागोमाग ती आखनला आली, पुण्यातली पर्यावरणाची पदवी इथं पुन्हा एकदा मिळवली आणि शहराच्या कचऱ्याचं काम पाहणाऱ्या एका लहानशा कंपनीत लागली. मंगळवारी सकाळी, कचऱ्याची गाडी यायच्या आधी, ती आणि तिची जोडीदारीण ऊटे एकेक रस्ता घेतात. ओल्या कचऱ्याचे डबे, म्हणजे इथल्या भाषेत बायोटोने, घरांपुढे ओळीनं उभे असतात. झाकण उघडायचं, टॉर्च मारायचा, आत काय आहे ते बघायचं आणि डब्याच्या कडीला कार्ड अडकवायचं. हिरवं म्हणजे शाब्बास. पिवळं म्हणजे समज. लाल म्हणजे गाडी हा डबा उचलणार नाही. मालकानं तो उपसून साफ करावा आणि पुढच्या फेरीची वाट बघावी. पुढची फेरी दोन आठवड्यांनी असते.

डब्यातल्या मालाला शुभा कधी हात लावत नाही. तसा नियमच आहे. त्या नियमामुळे ही गोष्ट घडली, नाहीतर तिथल्या तिथे मिटली असती.

मूळ कायदा ब्रुसेल्सचा. ओला कचरा वेगळा गोळा करा, असं युरोपियन युनियननं सत्तावीस देशांना एकदमच सांगितलं. कसा करायचा, ते ज्यानं त्यानं ठरवावं. जर्मनीनं ते जर्मन पद्धतीनं ठरवलं. दोन हजार पंचवीसच्या मेपासून तर असं झालं, की शंभर किलो ओल्या कचऱ्यात तीन किलोपेक्षा जास्त प्लॅस्टिक, काच, पत्रा असलं काही निघालं, तर खताचा कारखाना अख्खा ट्रक परत पाठवू शकतो. तेव्हापासून शुभाच्या हातातली कार्डं वाढली.

आखन हे शहर असं, की बसमध्ये बसून दहा मिनिटं खिडकीबाहेर बघितलं की हॉलंड येतं, आणि दुसऱ्या बाजूला बेल्जियम. म्हणून दर तीन महिन्यांनी तिन्ही बाजूंची कचरेवाली माणसं एकत्र बसतात आणि एकच कायदा कोण कसा पाळतं, ते एकमेकांना सांगतात. अशा एका बैठकीत हॉलंडच्या योपनं कॉफी ढवळत सांगितलं, "आमच्याकडे मक्याच्या पिशव्या चालतात. कोंब छापलेला असतो त्यांवर. कुजतात."

"आमच्याकडे नाही चालत," ऊटे म्हणाली. "आमचं यंत्र पिशवी दिसली की उचलून बाजूला फेकतं. मक्याची की प्लॅस्टिकची, ते त्याला काय कळतंय!"

"म्हणजे एकच कायदा आणि दोन उत्तरं?" बेल्जियमची नवी मुलगी म्हणाली.

तेव्हा शुभानं त्यांना कटाची आमटी सांगितली. सासूबाईंनी दोन्ही सुनांना सांगितलं, होळीला कटाची आमटी करायची. शुभानं गोडा मसाला घातला. धाकटी जाऊ देवश्री, तिनं खोबरं भाजून वाटून घातलं आणि वर लाल तर्री आणली. सासूबाई दोघींकडे जेवल्या आणि दोघींनाही म्हणाल्या, छान झालीय. "ब्रुसेल्स म्हणजे माझ्या सासूबाई," शुभा म्हणाली. "फक्त त्यांच्या सुना सत्तावीस आहेत."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ऊटे म्हणाली. योपनं आमटीची कृती मागून घेतली.

ही धाकटी जाऊ देवश्री वाल्समध्ये राहते. वाल्स हॉलंडमधलं गाव, पण आखनला इतकं चिकटलेलं, की निम्मी माणसं राहतात तिथे आणि नोकरीला येतात इथे. तिचा नवरा कुमार, म्हणजे शुभाचा धाकटा दीर, आखनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. वाल्सला भाडं कमी म्हणून त्यांनी तिथे घर घेतलं. देवश्री हुशार आहे, कामाला वाघ आहे, आणि आपण केलं ते बरोबरच असतं, या बाबतीत शुभापेक्षा तसूभरही कमी नाही. दोघींचं जमतं. कारण त्या दोन वेगळ्या देशांत राहतात, असं मकरंद म्हणतो.

तर त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीला चर्चचा हॉल मिळाला. त्याआधी गणपती बसायचा शहराबाहेरच्या एका शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली. स्वयंपाकघर नाही, मोदक घरून डबे भरून आणायचे. चर्चच्या हॉलला मोठं स्वयंपाकघर होतं, चाकाच्या खुर्चीला उतार होता आणि बस दारात थांबत होती. तिथल्या हाउसमाइस्टरांना, म्हणजे हॉलची देखभाल करणाऱ्या हेर (श्रीयुत) काउसनना, भेटायला मंडळानं शुभाला पाठवलं. भडकमकर हे नाव त्यांना पेलेना, म्हणून ते पहिल्या दिवसापासून तिला 'फ्राऊ बे', म्हणजे 'बी बाई', म्हणतात.

"फ्राऊ बे," ते म्हणाले होते, "आवाज चालेल. अगरबत्ती चालेल, आम्हीही धूप लावतो. पण डब्यांवरून एक तक्रार आली की पुढच्या वर्षी हॉल नाही. कार्निव्हलवाल्यांना मी असंच काढलं. त्यांना तीस वर्षं ओळखत होतो."

"डब्यांची काळजी करू नका," शुभा म्हणाली. "मी कचऱ्यातलीच आहे."

त्या शब्दावर हॉल मिळाला. मंडळात सगळ्यांना ते माहीत होतं, कारण शुभानं ते सगळ्यांना सांगितलं होतं. प्लॅस्टिक ओल्या कचऱ्यात घालायचं नाही, हेही तिनं तयारीच्या बैठकीत दोनदा सांगितलं. मक्याच्या पिशव्यांचं सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. आखनमध्ये ते शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. बैठकीला वाल्सहून आलेलंही कोणी होतं, हे ती विसरली.

गणपती छान झाला. कुंदाताई त्यासाठी खास पुण्याहून आल्या होत्या आणि शुभाकडे उतरल्या होत्या. दीडशे माणसं जेवली. शेवटच्या दिवशी, रविवारी, शाडूची मूर्ती हॉलच्या अंगणात मोठ्या टबात विसर्जित केली, आणि शुभा स्वयंपाकघरात भांड्यांपाशी असताना देवश्रीनं सभामंडप आवरला. निर्माल्यही तिनंच आवरलं. केळीची पानं आणि उष्टं-खरकटं आधीच डब्यात गेलं होतं. त्यावर देवाची फुलं कशी टाकायची? आणि तीही सासूबाई इथे असताना? तिनं पर्समधून कोंब छापलेल्या पिशव्यांची गुंडाळी काढली, हार, दुर्वा, गजरे त्यांत नीट भरले, गाठी मारल्या आणि पिशव्या वरच्या वर अलगद ठेवल्या. हात जोडले आणि झाकण लावलं.

मंगळवारी सकाळी त्या रस्त्याला शुभा आणि ऊटेच होत्या.

ऊटेनं हॉलच्या डब्याचं झाकण उघडलं. "आल्झो, हे काय?"

शुभानं आत बघितलं. टॉर्च लावायची गरजही नव्हती. हिरवट पातळ पिशव्यांतून शेवंती दिसत होती. खरकट्यावर डब्याच्या तोंडापर्यंत पिशव्याच पिशव्या.

"फुलं," ती म्हणाली.

"लग्नाची?"

"देवाची."

ऊटेनं एकदा हॉलकडे आणि एकदा शुभाकडे पाहिलं. गणपतीला ती जेवून गेली होती. तिसरा मोदक तिनं मागून घेतला होता. "मी पलीकडच्या घराचं बघते," ती म्हणाली आणि पाठ करून चालू लागली. ते सौजन्य होतं. शुभानं पिवळं कार्ड लावलं असतं, तर ऊटेनं जन्मात तोंड उघडलं नसतं.

पिवळं कार्ड शुभाच्या उजव्या खिशात होतं. ते लावलं की गाडी डबा उचलणार, कारखान्यातलं यंत्र पिशव्या फेकणार, फुलं पिशव्यांसकट भट्टीत जाणार. हॉल राहणार आणि कोणाला काही कळणार नाही. पण पिवळं असतं एखाददुसऱ्या चुकीला. इथे निम्मा डबाच चुकीचा होता.

आणि समोरच्या फुटपाथवर हेर डेरिक्स कुत्रा घेऊन उभे होते. मागच्याच फेरीला पावाच्या पिशव्यांवरून शुभानं त्यांना लाल कार्ड दिलं होतं. ते भांडले होते, आणि तिनं त्यांना सांगितलं होतं, "नियम सगळ्यांना एकच." आता ते कुत्र्याला पुढे जाऊ देत नव्हते.

शुभा म्हणते, डेरिक्स नसते तरी तिनं तेच केलं असतं. असेल. त्या वेळी ते होते, आणि तिनं लाल कार्ड काढून कडीला अडकवलं. डेरिक्सनी टोपीला हात लावला आणि कुत्र्याला पुढे नेलं.

दुपारी हेर काउसनचा फोन आला. ते दोनच वाक्यं बोलले. डब्याला लाल कार्ड आहे. पुढच्या वर्षासाठी दुसरी जागा बघा. शुभा म्हणाली, "उद्या सकाळी मी येते, मग बोलू." ते म्हणाले, "बोलण्यासारखं काही नाही, फ्राऊ बे." पण येऊ नका असं म्हणाले नाहीत.

संध्याकाळी देवश्री आणि कुमार आले. मंडळाच्या ग्रुपवर बातमी गेलीच होती. देवश्रीनं चपलाही धड काढल्या नाहीत.

"ताई, तू लावलंस कार्ड? तू स्वतः?"

"मी स्वतः."

"घरच्या माणसांना?"

"डब्याला लावलं. डब्यावर घरच्यांचं नाव नसतं."

"अगं पण त्या पिशव्या कुजणाऱ्या होत्या! शिक्का आहे त्यावर, युरोपचा शिक्का! वाल्समध्ये त्याच घालतो आम्ही. दहा मिनिटं बसमध्ये बसून आली की ती पिशवी वाईट होते का?"

"हो. होते."

"का?"

"कायदा एक आहे, यंत्रं दोन आहेत. तुमचं यंत्र पिशवी खातं, आमचं नाही खात."

"मग तुमचं यंत्र बदला!"

"मुटी, एस इस्ट सो पाइनलिश," सोफ्यावरून अन्वी म्हणाली. शुभाची ही चौदा वर्षांची लेक मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते.

"काय म्हणते?" कुंदाताईंनी विचारलं. त्या जेवणाच्या टेबलापाशी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

"लाज वाटते म्हणते."

"कोणाची?"

"सगळ्यांचीच," कुमार म्हणाला. "वहिनी, खरं सांगू? पिवळं लावून टाकायचं होतंस. कोण बघतंय?"

"डेरिक्स बघत होता."

"एक डेरिक्स! दीडशे माणसांचा गणपती गेला एका डेरिक्सपायी. पुढच्या वर्षी परत बास्केटबॉलच्या जाळीखाली बाप्पा. तूच जाऊन सांग त्यांना."

शुभानं सगळ्यांसाठी पाण्याचे पेले आणून टेबलावर ठेवले.

कुंदाताईंनी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. "एक सांगा. निर्माल्य आत्ता कुठे आहे?"

"त्याच डब्यात, आई."

"गाडीनं नेलं नाही?"

"लाल कार्ड असलं की नेत नाहीत."

"मग किती दिवस राहणार?"

"दोन आठवडे."

"दोन आठवडे बाप्पाची फुलं पिशवीत बांधून, उष्ट्याच्या उरावर?" कुंदाताई दोन्ही सुनांकडे बघून म्हणाल्या. "आणि तुम्ही यंत्रावरून भांडताय? सकाळी जायचं. दोघींनी. मी पण येणार."

सकाळी हॉलच्या मागच्या अंगणात शुभानं ताडपत्री अंथरली. कामाच्या दिवशी डब्यातल्या मालाला हात लावायचा नाही. आज ती सुट्टी घेऊन आली होती. हेर काउसन हाताची घडी घालून दारात उभे होते. कुंदाताईंसाठी त्यांनी न सांगता एक खुर्ची आणून ठेवली आणि परत हाताची घडी घातली.

पिशव्या उपसून ताडपत्रीवर ठेवल्यावर कुंदाताईंनी पहिली गाठ सोडली. दोन दिवसांत आत पाणी सुटलं होतं. वास आला. त्यांनी नाक मुरडलं नाही. फुलं मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ओतली आणि हाराचा दोरा ओढायला लागल्या.

"पिशवीत कोणी घातलं?"

देवश्रीनं दुसरी पिशवी सोडत सांगितलं, "मी. तुमच्यासाठीच घातलं, आई. म्हटलं, खरकट्याला लागलं तर तुम्हाला चालायचं नाही."

"मला विचारलंस?"

"तुम्ही आरती करत होतात."

"अगं, निर्माल्य मातीत मिळायला हवं. बांधून ठेवायला ते काय लोणचं आहे? मी घरी तुळशीच्या कुंडीत घालते, दोरा काढून. तुझे सासरे होते तेव्हा ते दोरे गुंडाळून ठेवायचे, वेलाला बांधायला."

देवश्री हसली. मंगळवारपासून पहिल्यांदाच.

मग तिघी कामाला लागल्या. हारांतून दोरे निघाले, गजऱ्यांतून तार निघाली, एका पिशवीतून मखराची मोत्यांची अख्खी माळ निघाली. माळ दोन बोटांत धरून शुभानं देवश्रीपुढे नाचवली.

"ही पण कुजते का गं वाल्समध्ये?"

"ती मी नाही घातली!"

"तुझ्याच पिशवीत होती."

"तुमच्या ऊटेनं टाकली असेल. मोदक खाताना बघितलंय मी तिला."

फुलांचा ढीग झाला. मोठा, ओला, पिवळा-पांढरा. शुभा तो फावड्यानं परत डब्यात लोटणार, एवढ्यात हेर काउसन दारातून खाली उतरले.

"ही त्या हत्तीपुढची फुलं?"

"हो. पूजेची."

"आणि तुम्ही ती उरलेल्या भातावर टाकणार?"

"डबा एकच आहे, हेर काउसन."

"आमची वेदीवरची फुलं आम्ही डब्यात टाकत नाही," ते म्हणाले. "कधीच नाही. भिंतीमागे एक कोपरा आहे. माझ्या आधीचा हाउसमाइस्टर तिथेच टाकायचा, मीही तिथेच टाकतो. वसंतात ते खत गुलाबांना जातं." मग घसा साफ करून म्हणाले, "प्लॅस्टिक नको. तार नको."

"आहे का बघा," शुभा म्हणाली.

त्यांनी खरंच पाहिलं. वाकून, हातानं उलथंपालथं करून पाहिलं. शुभाच्या तोडीचं.

"काय म्हणतात ते?" कुंदाताईंनी विचारलं. शुभानं सांगितल्यावर त्या उठल्या, भिंतीमागे जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "जागा बरी आहे. कोणाचा पाय पडायचा नाही." मग हेर काउसनकडे बघून त्यांनी मान हलवली, आणि त्यांनीही हलवली. दोघांना एकमेकांचं काही कळत नव्हतं आणि सगळं ठरलं होतं.

ताडपत्रीची चार टोकं चौघांनी धरली. फुलं कोपऱ्यात पडली. वर कुंदाताईंनी हातानं थोडी माती लोटली.

डबा बाहेरून पुसून जागेवर ठेवल्यावर शुभा म्हणाली, "आता हॉलचं बोलू."

"तक्रार आली की हॉल नाही, असं ठरलं होतं."

"तक्रार मीच केली."

"माहीत आहे. डेरिक्सनी सांगितलं मला. सगळ्या गल्लीला सांगितलंय त्यांनी."

"मग? ज्या बाईनं स्वतःच्या देवाच्या फुलांना लाल कार्ड लावलं, तिच्यापेक्षा डब्यावर लक्ष ठेवणारं माणूस तुम्हाला कुठे मिळणार?"

देवश्रीनं चमकून जावेकडे पाहिलं. हेर काउसन हसले नाहीत. हसणं त्यांच्या चेहऱ्याला सवयीचं नाही. "कार्निव्हलवाले," ते म्हणाले, "भांडायला आले होते. उपसायला कोणी आलं नव्हतं." त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि एक छोटी किल्ली मोकळी करायला लागले. "डब्यांना कुलूप लावता येतं. पुढच्या वर्षी गणपतीच्या दिवसांत ही किल्ली तुमच्याकडे. तुम्हाला विचारल्याशिवाय कोणी काही टाकायचं नाही."

"पुढच्या वर्षी म्हणजे हॉल—"

"किल्ली कशाला देतोय मग मी, फ्राऊ बे?"

परत येताना बसस्टॉपवर देवश्री म्हणाली, "तरी पण पिवळं लावता आलं असतं, ताई."

"नसतं आलं."

"असतं."

"तू वाल्समध्ये बसव गणपती. तिथे घालू सगळं पिशवीत, गाठ मारून."

"बसवीनच. आणि कटाची आमटीही माझ्याच पद्धतीची करीन."

"कर. योपला बोलाव."

कुंदाताई दोघींच्या मधे बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर पर्स होती आणि पर्समधून काहीतरी लाल डोकावत होतं. शुभानं बघितलं. डब्याच्या कडीवरचं कार्ड होतं ते.

"आई, हे कुठे नेताय?"

"पुण्याला. आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचे आगाशे रोज डायपर ओल्या कचऱ्यात टाकतात. बघतेच त्यांच्याकडे."

"आई, ते ऑफिसचं आहे. मोजून परत द्यावी लागतात."

कुंदाताईंनी कार्ड शांतपणे काढून तिच्या हातात दिलं.

"घे बाई. लाल कागद कोथरूडलाही मिळतो."